वडिलांच्या हातांना सुट्टी

निघोज्याच्या चौकात फ्लेक्स लागला तेव्हा व्हिसा केंद्रातली तारीख अजून चोवीस दिवस लांब होती. फ्लेक्सवर एका बाजूला निळ्या समुद्राकाठची पांढरी घरं होती, दुसऱ्या बाजूला संगमरवरी खांबांचं मोडकं देऊळ, आणि मधोमध माझे आईवडील. आईचा फोटो माझ्या लग्नातला होता. वडिलांचा कंपनीच्या ओळखपत्रावरून मोठा केला होता. त्यामुळे चेहरा दाणेदार आला होता, आणि मागे समुद्र असूनही ते हजेरी लावायला उभे असल्यासारखे दिसत होते. खाली मजकूर होता: ग्रीस दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा.

हे काम चुलत भावाचं. आमच्या गावात परदेशी निघालेल्या माणसाचा फ्लेक्स लागतो. थायलंडचे लागले, दुबईचे तर इतके लागले की लोक वर बघतही नाहीत. ग्रीसचा हा पहिलाच होता. पण बाकीच्यांचे फ्लेक्स व्हिसा हातात आल्यावर लागले होते. मी भावाला फोन केला.

"अगं ताई, जायचं ठरलं ना? मग लागणारच की."

"व्हिसा आला नाही अजून."

"येतोय गं. आपल्या तात्यांनी काय कुणाचा खून केलाय व्हय?"

तात्या म्हणजे माझे वडील. त्यांना घरातले आणि गावातले सगळे तात्याच म्हणतात. त्यांनी खून केला नव्हता. प्रश्न त्यांच्या बोटांचा होता.

ग्रीसच्या व्हिसासाठी दहाही बोटांचे ठसे द्यावे लागतात. वडिलांच्या बोटांवर ठसे नव्हते. भोसरीच्या एका फाउंड्रीत त्यांनी एकतीस वर्षं फेटलिंगला काम केलं. साच्यातून निघालेल्या लोखंडी भागांच्या कडा ग्राइंडरवर घासून काढायच्या, असं ते काम. कंपनी हातमोजे द्यायची. वडील डाव्या हातात घालायचे आणि उजव्यातला काढून खिशात ठेवायचे, कारण कड राहिली की गेली हे मोज्यातून कळत नाही. निवृत्तीनंतर ते चुलत भावाच्या शेडमध्ये जाऊ लागले. ही शेड आमच्या घराच्या मागेच आहे. तिथे प्रेसमधून निघालेल्या पत्र्याच्या भागांच्या कडा साफ होतात. पगार नाही, सक्ती नाही. सकाळी चहा घेऊन जायचं आणि जेवायला परत यायचं.

बोटं उमटत नाहीत हे आम्हाला माहीत होतं. पेन्शनसाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तिथलं यंत्र वडिलांची बोटं घेत नसे, मग चेहऱ्यावरून काम भागवत. चाकणला सिमकार्ड घ्यायला गेलो होतो तेव्हा दुकानदार म्हणाला होता, "काका, सिस्टिमच्या हिशेबानं तुम्हाला बोटंच नाहीत." त्यावर आम्ही हसलो होतो. व्हिसा केंद्रात हसता येणार नव्हतं.

सहल आईने ठरवली होती. चिंचवडचे एक टूरवाले दरवर्षी चाकण-निघोजे-चऱ्होली पट्ट्यातली माणसं गोळा करून परदेशी नेतात. सोबत आचारी असतो आणि पहिल्या दिवशीच पिठलं-भाकरी मिळते, ही त्यांची ख्याती. त्यांनी आईपुढे तीन पत्रकं ठेवली. दुबईचं तिने लगेच बाजूला सारलं. उंच इमारती पुनावळ्यात लेकीच्या खिडकीतून दिसतात, त्या बघायला विमानात कशाला बसायचं, असं तिचं म्हणणं. ग्रीसच्या पत्रकात समुद्र होता आणि देवळंही होती. समुद्र तिने आयुष्यात दोनदा पाहिला होता, दोन्ही वेळा माहेरच्या माणसांबरोबर. वडिलांना दोन्ही वेळा ओव्हरटाइम होता. या वेळी तिची एकच अट होती. जोडीने जायचं, नाहीतर जायचंच नाही.

टूरवाल्यांनी चिंचवडच्या एका हॉलमध्ये सगळ्यांची बैठक घेतली. बावीस प्रवासी होते. अथेन्समधली डोंगरावरची देवळं, मग बोटीने क्रीट बेट, तिथला चार हजार वर्षांपूर्वीचा राजवाडा, आणि रोज दुपारनंतर समुद्रकिनारा, असा कार्यक्रम त्यांनी वाचून दाखवला. शेवटी मी बोटांचं विचारलं. त्यांनी वडिलांचे हात पालथे केले, उताणे केले, प्रकाशात धरले.

"तात्या, हे घेऊन बँक लुटली तरी पोलीस तुम्हाला धरायचे नाहीत."

हॉल हसला. वडीलही हसले. टूरवाले मला बाजूला घेऊन म्हणाले, "गंमत वेगळी, ताई. मागच्या वर्षी अशी एक केस अडकली होती. डॉक्टरला दाखवा."

वाकडच्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी भिंगातून बोटं पाहिली. रेषा पूर्ण गेलेल्या नाहीत, घासून सपाट झाल्यात, असं त्या म्हणाल्या. तीन आठवडे धातूला हात लावायचा नाही, साबण कमी, दिवसातून चार वेळा मलम, झोपताना पांढरे सुती मोजे. रेषा वर येतात का बघू. येतीलच असं त्या म्हणाल्या नाहीत.

निघोज्यात राहिले तर वडील शेडमध्ये जाणार हे उघड होतं. म्हणून मी दोघांना पुनावळ्याला आणलं. याला वडिलांची हरकत होती. लेकीच्या घरी एक मुक्काम ठीक, तीन आठवडे राहणं त्यांना पटत नव्हतं. "लोक म्हनतील, लेकीच्या दारात बसून खातोय." शेवटी जावयाने फोन करून बोलावलं, तेव्हा आले. आल्या दिवशी स्वतःचं ताट स्वतः उचलून घासायला निघाले आणि आईने ते हातातून काढून घेतलं.

"साबण नको म्हणून सांगितलंय ना?"

"मग खरकटं ताट ठिवू?"

"ठेवा. तीन आठवडे साहेब व्हा."

रिकामे हात घेऊन बसणं त्यांना जमत नव्हतं. ते गॅलरीत खुर्चीवर बसत आणि तळवे मांडीवर उताणे ठेवत, जणू त्यांत कुणी काही ओलं ठेवलं आहे. आई सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि झोपताना मलम चोळायची. संध्याकाळी मी माझ्या फोनवर चाचणी घ्यायची. फोनच्या कुलपात त्यांचं बोट नोंदवायचं, मग दहा वेळा टेकवून किती वेळा उघडतं ते पाहायचं. पहिल्या दिवशी फोनने बोट नोंदवूनच घेतलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

सहाव्या दिवशी ते घरात नव्हते. खाली सोसायटीच्या सरकत्या फाटकापाशी सापडले. उकिडवे बसून, फाटकाच्या चाकाचा बोल्ट पान्याने काढत होते. पाना आमच्या वॉचमनचा. तो लातूरकडचा, मोठा अदबशीर माणूस.

"मॅडम, मी नको म्हणलो हो," तो म्हणाला. "पण काका म्हणले, चाक रडायलंय."

"कुईकुई करत व्हतं चार दिस," वडील माझ्याकडे न बघता म्हणाले. "कुनाला ऐकू येत न्हाई का इथं?"

बोटांना ग्रीस लागलं होतं. दोन्ही हातांच्या तर्जनींवर पान्याचे ताजे वळ होते. आईने ते हात फडक्याने पुसले आणि पुन्हा मलम लावलं. दुसऱ्या दिवसापासून वडील सुती मोजे दिवसाही घालू लागले. लिफ्टमध्ये एका शेजाऱ्याने काळजीने विचारलं, भाजलं का? वडील म्हणाले, "न्हाई. ग्रीसला चाललोय." शेजाऱ्याने मान डोलावली.

आठव्या दिवशी डाव्या तर्जनीने फोनचं कुलूप दहातून दोनदा उघडलं. बाराव्या दिवशी पाचदा. पंधराव्या दिवशी उजव्या अंगठ्याने पहिल्यांदा. आईने लगेच निघोज्याला कळवलं, आणि मग रोज संध्याकाळी तिथून कुणाचा ना कुणाचा फोन यायला लागला. काकूचा, मावशीचा, शेडमधल्या कामगारांचा. प्रश्न एकच: "उमटली का?" गावात तोवर सगळ्यांना कळलं होतं. फ्लेक्सखाली उभं राहून लोक तात्यांच्या बोटांवर बोलत होते, हे भावाने सांगितलं. विसाव्या दिवशी डावी तर्जनी दहातून नऊदा आली, उजवा अंगठा सहादा. डॉक्टरीण बाईंनी भिंगातून पाहून 'बरं आहे' असं म्हटलं. त्या रात्री आई लवकर झोपली. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच.

तारखेच्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा बाथरूममध्ये पाण्याचा आवाज येत होता. बराच वेळ येत होता. वडील बाहेर आले ते आंघोळ करून, पांढरा शर्ट घालून, भांग पाडून. हात लाल होते.

कंपनीत शिफ्ट सुटली की हात धुवायची एक पद्धत असे. कपडे धुण्याची पावडर आणि लाकडाचा भुसा तळहातावर घ्यायचा, थोडं पाणी घालायचं आणि चामडी लाल होईपर्यंत चोळायचं. त्याशिवाय ते कधी गेटबाहेर पडले नव्हते. बँकेत, शाळेत, दवाखान्यात, माझ्या लग्नाच्या बोलणीला, सगळीकडे ते असेच हात घेऊन गेले. पुनावळ्याच्या बाथरूममध्ये भुसा नव्हता. त्यांनी कपड्यांची पावडर घेतली होती आणि टाचा घासायची वज्री.

आईने त्यांचे हात धरले आणि उताणे करून पाहिले. बोटांची टोकं सपाट, चकचकीत झाली होती.

"हे काय केलंत?"

"मलमानं चिकट झाले व्हते. सायबाच्या मशीनला तेलकट हात लावायचा व्हय?"

"तीन आठवडे चोळलेत मी हे हात."

"मग स्वच्छच केले ना," ते म्हणाले. पण तोवर त्यांच्या ध्यानात आलं होतं. ते खुर्चीवर बसले आणि हात मांडीवर उताणे ठेवले. मी फोन पुढे केला. डावी तर्जनी दहातून तीनदा. उजवा अंगठा एकदाही नाही. आईने पुन्हा मलम लावलं, पुसलं, पुन्हा लावलं. तारीख बदलता येईल का म्हणून मी टूरवाल्यांना फोन केला. पुढची तारीख विमान सुटल्यानंतरची होती.

पुण्याला जाताना वडील गाडीत मागच्या सीटवर खिडकीशी होते आणि एसीची हवा बोटांना लागू नये म्हणून त्यांनी हात काखेत धरले होते.

व्हिसा केंद्रात ज्येष्ठ नागरिकांबरोबर एकाला आत सोडत होते. आईचं दोन मिनिटांत झालं. वडिलांच्या खिडकीत पंचविशीतली एक मुलगी होती. यंत्राच्या काचेवर डाव्या हाताची चार बोटं ठेवायची होती. पडद्यावर लाल चौकट आली. पुन्हा लाल. तिसऱ्यांदा हिरवी. आईने माझं मनगट धरलं. उजवा हात: लाल. दाबा काका. लाल. थोडं सैल. लाल. मुलीने ओला टिश्यू दिला, मग कोरडा. मग म्हणाली, "बोटं कपाळावर फिरवा, काका. कपाळाचा तेलकटपणा लागला की येतात कधी कधी." वडिलांनी कपाळावर बोटं फिरवली. रांगेतल्या लोकांना ते नमस्कार करताहेत असं वाटलं असावं.

"काय काम करता, काका?"

"रिटायर हाय."

"त्याआधी?"

"घासायचो."

"काय?"

"लोखंड."

तिने काचेतल्या फटीतून हात बाहेर काढला, त्यांच्या हातावर आपला तळवा ठेवला आणि खाली दाबला. लाल. तिने वरिष्ठांना बोलावलं. त्यांनी दोनदा प्रयत्न केला. शेवटी डाव्या हाताची पाच बोटं घेतली गेली आणि उजव्याच्या जागी शेरा लिहिला गेला. शेरा काय आहे ते पडद्यावर आम्हाला दिसत नव्हतं.

"चालेल ना हे?" मी विचारलं.

"आम्ही फक्त पाठवतो, मॅडम. निर्णय दूतावासाचा."

विमान रविवारी होतं. त्याआधीच्या मंगळवारी बावीसपैकी एकवीस पासपोर्ट परत आले. आईचा त्यात होता, व्हिसा लागलेला. वडिलांचा नव्हता. टूरवाल्यांनी दोनदा चौकशी केली. दोन्ही वेळा 'प्रक्रियेत आहे' एवढंच उत्तर मिळालं. आईवडील तोवर निघोज्याला परतले होते. मी बुधवारी गेले तेव्हा आईची बॅग पलंगावर उघडी आणि रिकामी होती. चुलत भाऊ ओसरीवर बसला होता.

"ताई, फ्लेक्स उतरवू का?"

"उतरवलास तर लोक विचारतील."

"ठेवला तरी विचारतायत."

वडील म्हणाले, "ती जाऊ दे. मी हाय की घरी. शेडवर जातो."

"आणि मी काय करू तिथं?" आई म्हणाली. "समुद्रात एकटी उभी राहून फोटो काढू? त्या फ्लेक्सवर तरी जोडीनं आहोत."

वडील दोन दिवस शेडमध्ये गेले नाहीत. जायला कुणी मनाई केली नव्हती, तरी गेले नाहीत. मलम संपलं होतं, म्हणून आई खोबरेल चोळत होती. ठसे देऊन झाले होते, त्याचा आता काही उपयोग नव्हता. मी तिला तसं म्हटलं नाही.

शुक्रवारी दुपारी पासपोर्ट आला. व्हिसा होता. वडिलांनी तो उघडून पाहिला, बंद केला आणि आईकडे दिला. आई बॅग भरायला उठली.

पुढचं मला फोनवर कळलं. अथेन्सच्या विमानतळावर अधिकाऱ्याने पुन्हा बोटं मागितली. डावी उमटली, उजवी नाही. वडिलांना एका बाजूच्या खोलीत नेलं. आई शिक्का मारून घेऊन पलीकडे गेली होती. ती पिवळ्या रेषेजवळ थांबली आणि पुढे सरकेना. सामानाच्या पट्ट्यावर तिची बॅग एकटी फिरत राहिली. वीस मिनिटांनी वडील बाहेर आले.

"काय म्हणाले?" आईने विचारलं.

"काय म्हनाले ते कुनाला कळलं? शिक्का मारला."

टूरवाल्यांचा जीव भांड्यात पडला होता, म्हणून त्यांनी विनोद केला. "तात्या, आता परतताना पण बोटं मागणार हां. नाहीतर राहा इथंच, द्राक्षाचे मळे आहेत." गट हसला. वडील हसले नाहीत, हे आईच्या लक्षात आलं.

पुढचे दिवस फोटो येत राहिले. डोंगरावरच्या देवळापुढे सगळ्या गटाने हात वर केले होते. वडिलांचे हात खिशात होते. बोटीच्या कठड्याशी सगळे रेलले होते, वडील कठड्याला न टेकता उभे. क्रीटच्या राजवाड्यात लाल खांबाशी आई उभी होती आणि शेजारी ते, पांढरे सुती मोजे घातलेले. ऊन कडक होतं. खाली आईचा संदेश: मलम इथल्या दुकानातून घेतलं.

पाचव्या दिवशी दुपारी आईचा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर आधी वाळू दिसली, मग निळं पाणी, मग वडील. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून ते पोटऱ्यांएवढ्या पाण्यात उभे होते. दोन्ही हात पाठीमागे बांधलेले.

"बघ तुझ्या बापाला," आई म्हणाली. "आम्ही तीन दिवस रोज येतोय इथं. पाण्याला हात म्हणून लावत नाहीत. खारं पाणी बोटं खाईल म्हणतात."

"परतताना बोटं मागितली म्हंजे?" वडील लांबून ओरडले. "तवा काय, हिथंच राहू?"

"हिला विचारा तरी!"

मी विचारलं होतं. पहिल्याच दिवशी आईने तो विनोद सांगितला तेव्हा चौकशी केली होती. टूर कंपनीच्या कार्यालयात सांगितलं, परतताना बोटं घेत नाहीत. एका ओळखीच्या प्रवास प्रतिनिधीने सांगितलं, नव्या पद्धतीत घेऊ शकतात. संकेतस्थळावरच्या मजकुरातून दोन्ही अर्थ निघत होते. बावीस वर्षं मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम केलं. अशी बातमी मी खात्री होईपर्यंत थांबवून ठेवली असती.

"तात्या, मागत नाहीत," मी म्हटलं.

"कुनी सांगितलं?"

"ऑफिसातून. नक्की सांगितलंय."

एक लाट आली, पॅन्टची दुमड भिजवून गेली. आई म्हणाली, "ऐकलंत ना? आता तरी घाला."

त्यांनी उजवा हात पुढे आणला आणि त्याच्याकडे पाहिलं.

"ह्यो तसाबी उमटत न्हाई," ते म्हणाले, आणि वाकून तो कोपरापर्यंत पाण्यात घातला. डावा त्यांनी पाठीमागेच ठेवला, मूठ मिटून, पाण्यापासून जमेल तितका वर.

परतीचं विमान अजून तीन दिवसांनी होतं.